शंभर रुपयांत पोटभर बाप

“काकू, हाफ बाप मिळेल का?”

विचारलं आणि मी जीभ चावली. माझ्या मागे रुबिना आणि तेजल आपापल्या दप्तरात तोंड खुपसून हसत होत्या. तेजलला तर हसताना आवाज दाबता येत नाही, ती कुकरसारखी शिट्टी सोडते. पैज तिनेच लावली होती. “जिल्ह्याच्या संघात गेलीस म्हणून एवढी मिरवतेस ना? मग हिंमत असेल तर हे विचारून दाखव. आणि न हसता!”

मी न हसता विचारलं. पैज जिंकले.

काउंटरपलीकडच्या बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि आमच्या मुख्याध्यापिका सूचना वाचतात तशा गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या,

“हाफ बाप नाही. बाप फुल.”

झालं! तेजलची शिट्टी झाली. रुबिना खुर्चीवरून घसरली. मी मात्र ताठ उभी. पोटात हसू उड्या मारत होतं, पण चेहरा एकदम इस्त्रीचा.

दोष आमचा नव्हता, पाटीचा होता. चाकणला आंबेठाण रस्त्यावर कंपन्या आल्या, कंपन्यांमागून कोरियन साहेब आले, साहेबांमागून त्यांच्या बायका आल्या, आणि त्यांतल्या एकीनं एका टपरीवजा गाळ्यात चार टेबलं टाकून हॉटेल काढलं. फक्त दुपारचं. बाहेर लाल अक्षरांत भला मोठा फ्लेक्स : येथे शंभर रुपयांत पोटभर बाप मिळेल. त्याखाली ओळीनं अंडा बाप, चिकन बाप, भाजी बाप. गावातली रिक्षावाली मंडळी मुद्दाम तिथे रिक्षा थांबवून फोटो काढायची. “आमचा एक आहे घरी, बदलून मिळेल का?” असं विचारून पळून जायची. आत जेवायला मात्र गावातलं कुणी जात नव्हतं; बाप डब्यांतून कंपन्यांमध्ये जायचा.

“येड्यांनो, बाप म्हणजे भात,” रुबिना म्हणाली. खुर्चीवर परत चढून बसली आणि एकदम तज्ज्ञ झाली. तिने कोरियन मालिका एवढ्या पाहिल्या होत्या की तिची अम्मी म्हणायची, हिच्यासाठी स्थळ विमानानं आणावं लागणार. “नुसता भात नाही. जेवण म्हणजेच बाप. सकाळचा बाप, संध्याकाळचा बाप.”

“आमच्याकडे पण सकाळ-संध्याकाळ बापच असतो,” तेजल म्हणाली. “रिमोट सोडत नाही.”

हे सगळं मी नववीत असतानाचं आहे. आता मी बारावीत आहे, म्हणजे बरीच समजूतदार झालेय. पण तो गुरुवार आठवला की अजून मला उचकी लागते. खरोखरची उचकी. ती का, ते येईलच.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून आम्ही तिघी आलो होतो. तेजल आणि रुबिना सुट्टी लागली म्हणून खूष होत्या. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. पुण्याच्या खो-खोच्या क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली होती. आमच्या पीटीच्या लोहोट बाईंनी घरी येऊन पेढे दिले होते. आणि शनिवारपर्यंत त्यांना कळवायचं होतं, येणार की नाही.

एक सांगते. सातवीपर्यंत मी वर्गात ‘उपस्थित’ म्हणायचे तेही फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं. मग लोहोट बाईंनी एकदा मला कुत्र्यापासून पळताना पाहिलं आणि म्हणाल्या, “ही पोरगी मला पाहिजे.” त्यानंतरच्या दोन वर्षांत माझं काय झालं मला नीटसं माहीत नाही. पाय सुटले तशी जीभही सुटली असावी. वर्गाची मॉनिटर झाले. बसच्या कंडक्टरशी भांडून सुट्टे पैसे घेतले. वाचनालयाच्या चौधरी काकांना ‘तुमचं घड्याळ बंद आहे’ असं तोंडावर सांगितलं, जे गावानं चार वर्षं त्यांना सांगितलं नव्हतं.

पण हे सगळं घराबाहेर. घरात अप्पा होते.

अप्पा ओरडायचे नाहीत, मारायचे तर कधीच नाहीत. ते फक्त म्हणायचे, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. वसतिगृहाचं ऐकल्यावर ते म्हणाले, “दोडका दिसला की ताटावरून उठणारी पोरगी तिथं काय खाणार? वारा? समोर येईल ते मुकाट्यानं खाऊन दाखव आधी. मग बघू.”

आता हे खरं होतं. मी आमटी वेगळी, भात वेगळा, भाजीतली फक्त बटाट्याची फोड, असं खाणारी. दोडका, दुधी, पालक, गवार ही माझ्या शत्रूंची यादी, आणि दोडका त्यांचा सेनापती. तो ताटात आला की मला त्याच्या शिरा दिसायच्या आणि माझ्या कपाळावरच्या शिरा आईला दिसायच्या.

खो-खोत नियम असतो. पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलं की फाउल. मैदानात मी वीज, आणि घरात दोन आठवडे गुडघे मुडपून अप्पांच्या खोची वाट बघत बसलेली.

“म्हणून तर तुला इथं आणलंय,” रुबिना म्हणाली. “प्रॅक्टिस कर. काय येईल ते खायचं. सगळं. एकही गोष्ट बाजूला काढायची नाही.”

“काढलीस तर वर्गाच्या ग्रुपवर टाकणार,” तेजल म्हणाली.

आम्ही कोपऱ्यात, कोल्ड्रिंकच्या फ्रिजच्या आडोशाला बसलो. शाळेच्या गणवेशात रस्त्यावरून दिसू नये म्हणून. काकू पाणी घेऊन आल्या. पन्नाशीच्या असतील, कापलेले केस, गोल चेहरा, पायात आपल्याकडच्या मंडईत मिळतात त्या निळ्या स्लिपर.

“काकू, तुमचं नाव काय?” मी विचारलं. धीर चेपला होता.

“नाम.”

“हां, तेच. नाव काय?”

“नाम!”

तेजलला वाटलं यांना मराठी कळत नाही. “आँटी, आपका शुभ नाम क्या है?”

“शुभ नाही,” काकू म्हणाल्या. “नुसता नाम.”

आडनाव होतं ते. नाम. आम्हाला कळेपर्यंत तेजलच्या अजून तीन शिट्ट्या झाल्या. नाम काकूंना आपण काय विनोद केला ते कळलं नव्हतं, पण पोरी हसताहेत म्हणून त्याही हसायला लागल्या. हसताना ट्रेमधला पेला कलंडला तशा ओरडल्या, “आइगो!”

“बघ,” तेजल म्हणाली, “घाबरल्यावर मराठीच येतं सगळ्यांना.”

“मराठी मंडई शिकला,” नाम काकू छातीला हात लावून म्हणाल्या. “भाजीवाली ताई शिकवला. ‘घ्या ना ताई, ताजंय!’ बस, बस. पाच मिनिट. बाप गरम करतो.”

बाप गरम होऊन आला तो परातीच्या धाकट्या बहिणीएवढ्या वाडग्यात. मी बघतच राहिले. मधे पांढराशुभ्र भात, आणि त्याच्याभोवती रांगोळीसारखे भाज्यांचे ढीग : गाजराच्या काड्या, मोडाचे मूग, काकडी, पालक, आणि कसले तरी हिरवे-पांढरे पातळ काप. वर एक अंडं, त्याचा पिवळा डोळा माझ्याकडे रोखलेला. कडेला लालभडक चटणीचा गोळा. किती सुंदर दिसत होतं! मी चमच्यानं गाजर गाजराच्या जागी, भात भाताच्या जागी ठेवून शिस्तीत सुरुवात करणार, तेवढ्यात नाम काकूंनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

“असा नाही! कालव.”

“काय?”

“बाप कालव. सगळा. खूप कालव.” आणि त्यांनी माझ्यादेखत ती सगळी रांगोळी मोडली. अंडं फुटलं, पालक भातात गेला, चटणी सगळीकडे गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“बिबिम म्हणजे कालवलेला,” रुबिना म्हणाली. “बिबिमबाप. कालवलेला भात.”

“हे तर माझी आत्या करते,” तेजल तोंड भरून म्हणाली. “रात्रीचं उरलेलं सगळं एकत्र करून.”

मी डोळे मिटले, लोहोट बाईंना आठवलं आणि पहिला घास घेतला.

मग दुसरा घेतला. मग तिसरा. मग मी डोळे उघडले, कारण डोळे मिटून एवढ्या वेगानं खाता येत नाही. भात चिकट, मऊ, आमच्या घरच्यासारखा! आणि ते हिरवे-पांढरे काप तिळाच्या तेलात परतलेले, काय लागत होते! मी रुबिनाच्या वाडग्यातले चार उचलले.

“काकू, हे काय आहे? कोरियाहून आणता का?”

“हे?” नाम काकूंनी आठवून आठवून एकेक अक्षर जोडलं. “दोड... का.”

रुबिनाचा चमचा हवेत थांबला. तेजलनं फोन काढला. “थांब, थांब, चेहरा तसाच ठेव.”

सेनापती! माझ्या पोटात! अर्धा किलो तरी गेला असेल. “कोरियात दुसरा भाजी,” काकू सांगत होत्या, “इथं महाग. मंडई ताई म्हणाला, दोडका घ्या ना ताई, ताजंय.”

मी त्यांच्याकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं. आणि एकदम लक्षात आलं, मी पास झाले! अप्पांची परीक्षा मी पास झाले होते! आता घरी जायचं आणि ठणकावून सांगायचं. मी तेजलला म्हटलं, “काढ फोटो. अजून एक काढ. घास तोंडात असताना काढ. पुरावा आहे तो.”

नेमकी तेव्हाच बाहेर एक जुनाट दुचाकी थांबली. एमएटी. असल्या खोकणाऱ्या एमएटी अख्ख्या चाकणमध्ये दोनच उरल्या होत्या. एक दूधवाल्या भोसल्यांची, आणि दुसरी आमची.

मी फ्रिजच्या कडेनं डोकावले आणि तशीच मागे सरकले. “अप्पा!”

“कुठं?”

“गप! खाली बसा. आणखी खाली!”

अप्पांचं माणिक चौकात तांदळाचं दुकान आहे. सगळं गाव बासमती-कोलम विकतं, अप्पा मावळातला इंद्रायणी विकतात. इंद्रायणी शिजला की चिकट होतो. गिऱ्हाइकं तक्रार करायची, “शेठ, भात मोकळा होत नाही,” आणि अप्पा उत्तर द्यायचे, “मोकळं राहायला तो काय सुट्टीवर आलाय?” दर गुरुवारी ते एक पोतं कुठल्याशा कँटीनला पोचवतात, एवढं मला माहीत होतं. घरी तेच सांगायचे, ‘कँटीनला पोतं टाकून येतो.’

कँटीन हे होतं.

अप्पा पोतं खांद्यावरून आत घेऊन आले, भिंतीशी टेकवलं, टोपी काढून घाम पुसला. आता निघतील, असं मी मनात म्हणते तो नाम काकू आतून आल्या, लवून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “बाप मोगोस्सोयो?”

“जेवलात का, म्हणतेय,” रुबिनानं माझ्या कानात सांगितलं. “कोरियन लोक ‘कसे आहात’च्या ऐवजी हेच विचारतात.”

मला हसू आलं. अप्पांना काय कळणार! ते आता ‘आँ?’ करणार.

अप्पांनी ‘आँ?’ केलं नाही. चपला काढल्या, आमच्याकडे पाठ करून खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, आणि रोजच्या सवयीनं बोलावं तसं म्हणाले, “आनियो. बाप चुसेयो.”

रुबिनानं माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. “नाही म्हणाले! जेवण द्या म्हणाले! केतकी, तुझे अप्पा कोरियन बोलतात!”

“आज गुरुवार आहे,” मी म्हटलं. मला त्याहून मोठा धक्का बसला होता. “अप्पांचा उपवास असतो.”

अकरा वर्षं. दत्ताचा गुरुवार. दिवसभर पाणी आणि चहा, संध्याकाळी आरतीनंतर साबुदाण्याची खिचडी. आई शेजारणींना सांगायची, “यांचा गुरुवार म्हणजे गुरुवार. लग्नातसुद्धा पंगतीला बसत नाहीत.”

नाम काकूंनी वाडगा आणून ठेवला. वर अंडं. अप्पांनी अंड्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, छताकडे बघून पुटपुटले, “दत्तगुरू, तांदूळ आपलाच आहे,” आणि चमचा घालून अंडं फोडलं. आणि कालवायला लागले. काय सराईत कालवत होते!

तेजलनं दप्तराचा पट्टा दातांत धरला होता. माझ्याही डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. केवढं घबाड हाती लागलं होतं! शनिवार राहिला बाजूला, मी आजच घरी जाऊन नुसतं ‘अंडं’ एवढा एक शब्द उच्चारला असता तर अप्पांनी मला स्वतः एमएटीवर बसवून वसतिगृहात सोडलं असतं.

नाम काकू त्यांच्यासमोर येऊन बसल्या. “मुलगी... खो-खो? गेला?”

“नाय अजून.” अप्पांनी चमचा थांबवला. “शनिवारपर्यंत सांगायचंय.”

“जाऊ द्या ना ताई,” नाम काकू म्हणाल्या. मंडईतली मराठी, सगळ्यांना ताईच. “चांगला खेळतो?”

“चांगला?” अप्पा म्हणाले. “अहो, ती पळती ना, तेव्हा समोरच्याला नुसती हवा लागती. जिल्ह्याच्या मॅचला मी मैदानाबाहेर पोत्यांच्या गाडीवर उभा राहून बघितलं. तिला नाय सांगितलं.”

मी हसायची थांबले.

“मग? का नाही पाठवत?”

“खात नाय ती काय.” अप्पांनी वाडग्यातला दोडका चमच्यानं उलटापालटा केला. “तसं खाईल हो. भूक लागली की दगड खातं माणूस. ते नुसतं आपलं म्हणायला.” मग एकदम विचारलं, “तुमची पोरगी गेली तेव्हा कसं केलं तुम्ही? पहिले पहिले दिवस?”

नाम काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. पदवीची चौकोनी टोपी घातलेली मुलगी. “सोल. कॉलेज. चार वर्ष.” मग त्या शब्द शोधायला लागल्या. हातांनी पातेलं दाखवलं, त्यात तिघांच्या तीन मुठी टाकल्या. “मी बाप करतो. तीन माणूस, तीन मूठ. रोज. हात विसरत नाही. मग जेवतो दोन माणूस.” पातेल्यातल्या तिसऱ्या मुठीकडे त्यांनी बोट दाखवलं. “मुलगी गेला. बाप उरला.”

त्यांना भात म्हणायचं होतं. “रोज बाप उरला. फेकायचा नाही. म्हणून हॉटेल केला.”

अप्पांनी चमचा वाडग्यात ठेवला. म्हणाले, “तेच तर.”

तेजलनं दातांतला पट्टा सोडला. मी घास गिळायला गेले. तो भलत्याच वाटेला गेला, चटणी घशाला लागली आणि मला जोरात उचकी लागली. एक. दोन. मी तोंडावर हात दाबला. तिसरी त्याहून मोठी.

“पाणी पी, केतकी. घोट घोट पी,” अप्पा म्हणाले. मागे न बघता. लहानपणापासून म्हणतात तसं.

मग त्यांची पाठ ताठ झाली.

अगदी हळूहळू ते वळले. फ्रिजच्या कडेला तीन डोकी. अप्पांच्या ओठाला पिवळा बलक लागलेला, माझ्या गालाला लाल चटणी.

“अप्पा,” मी उचकी देत म्हटलं, “आज गुरुवार ना?”

अप्पांनी माझ्या वाडग्यात बघितलं. “आणि तो दोडका ना?”

नाम काकू एकदा अप्पांकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून अप्पांना विचारलं, “आई?”

“नाय हो!” अप्पा दचकले. “आई घरी आहे. ही मुलगी.”

“आई! अप्पा!” नाम काकूंनी टाळ्या वाजवल्या. “आई! अप्पा!”

“अंकल, कोरियनमध्ये मुलाला ‘आइ’ म्हणतात,” रुबिना धीर करून म्हणाली. “आणि वडिलांना ‘आप्पा’च म्हणतात.”

अप्पांनी विचार केला. “आणि बाप म्हणजे भात.”

“हो.”

“चुकीचं काय नाय त्यात,” अप्पा म्हणाले, ओठ पुसले आणि वाडगा घेऊन आमच्या टेबलाशी येऊन बसले. “संपवा आता. उरवायचं नाय.”

आम्ही चौघांनी मुकाट्यानं संपवलं. निघताना अप्पांनी एमएटीला किक मारली, ती खोकली, आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी...”

“घरी काय?”

“काय नाय.”

घरी आईनं आरतीनंतर ताटं वाढली. अप्पांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, माझ्या ताटात आमटी-भात आणि, बघा नशीब, दोडका. अप्पांच्या हुकुमानं दोन आठवडे रोज काही ना काही येत होतं ताटात. अप्पा खिचडीचा एकेक दाणा मोजून खात होते.

“खात का नाही हो?” आई म्हणाली. “दिवसभर पोटात काही नाही. पित्त झालं असेल.”

“असेल,” अप्पा म्हणाले. माझ्याकडे बघेनात.

मी आमटी भातात ओतली. दोडका त्यात घातला. आणि कालवायला लागले. खूप कालवलं. आईचा हात वाढता वाढता थांबला.

“आई, दोडका आहे का अजून?”

आईनं पळी ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “ताप तर नाही. अहो, बघा हो हिला. दोडका मागतेय.”

अप्पा बघत होते. आता सांगेल, आता सांगेल, असा चेहरा. मला तो चेहरा बघवेना. एवढा मोठा माणूस, खिचडीच्या दाण्यांआड लपत होता. आणि मला पोत्यांच्या गाडीवर उभा राहिलेला तो दिसायला लागला. त्या मॅचला मी मागे वळून एकदाही बघितलं नव्हतं.

“अप्पा,” मी म्हटलं, “बाप मोगोस्सोयो?”

“आनियो,” अप्पा पटकन म्हणून गेले आणि त्यांना ठसका लागला.

“आणि काय? काय आणू?” आई म्हणाली. “आणि गं, बाप काय म्हणतेस त्यांना? दोन बक्षिसं काय मिळाली, जीभ बघा कशी सुटलीय! अप्पा म्हण.”

“काय आणू नको,” अप्पा खोकत म्हणाले. “म्हणू दे तिला.”

मी शेवटचा घास खाल्ला. पाठीवर अजून थाप पडली नव्हती. अप्पांचे दोन्ही हात ताटाशी होते आणि ते काही बोलणार नव्हते, ते मला आता कळलं होतं. फाउल तर फाउल. मी उठले. उष्ट्या हातानं, ताटावरून, पण या वेळी दोडका संपवून.

“आई, अप्पा, माझं ठरलंय,” मी म्हटलं, आणि आवाज थेट अंगणात गेला. “मी पुण्याला वसतिगृहात जाणार. समोर येईल ते खाणार, कालवून खाणार. उद्याच लोहोट बाईंना सांगणार. आणि दर रविवारी दुपारी जेवायला इथं येणार. तांदळाची तिसरी मूठ टाकून ठेवायची. या घरात मी बाप उरू देणार नाही.”